ट्रायकोडर्मा आणि कंपोस्ट वापरून मर रोग आटोक्यात येतो का?

येतो, पण लागण व्हायच्या आधी वापरलं तरच. कोमेजून माना टाकलेलं झाड ट्रायकोडर्माने उठत नाही. ते मुळासकट उपटून शेताबाहेर न्या.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे. ती फ्युजॅरियम, रायझोक्टोनियासारख्या रोगकारक बुरशींच्या तंतूंना वेटोळे घालते आणि विकरं (एन्झाइम) सोडून त्यांची पेशीभित्तिका विरघळवते. शिवाय मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावून बसते. मात्र तिलाही खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसती पावडर कोरड्या जमिनीत भुरभुरणं म्हणजे पैसे वाया.

साधारण 100 किलो पूर्ण कुजलेल्या कंपोस्टमध्ये 1 किलो पावडर मिसळा, पाणी शिंपडून सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, मधे एकदा वरखाली करा. गोणपाट उचलल्यावर पांढरट-हिरवी बुरशी दिसली आणि मातीसारखा वास आला की लागवडीच्या वेळी मुळांजवळ द्या. हात घातल्यावर ढीग गरम लागत असेल तर खत कच्चं आहे, थांबा.

कार्बेन्डाझिम किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशकासोबत देऊ नका. आणि पाणी साचणारी जमीन असेल तर आधी निचरा बघा, ट्रायकोडर्मा नंतर. जिवाणूजन्य मर असेल तर स्युडोमोनास हा उपयोगी जिवाणू बरा पडतो.