औषध बघून टीबीचा जंतू स्वतःला बदलतो का?

तुमच्या भावाला टीबी झालाय. गोळ्या चुकल्या की जंतू स्वतःची जनुकं बदलून घेतो का, आणि त्या बदलाने त्याचं चयापचय बिघडतं का, असं तुम्ही विचारलंय. मी दापोलीकडे प्रयोगशाळेत थुंकीचे नमुने तपासतो, म्हणून लिहितोय.

जंतू मुद्दाम काही बदलत नाही. बदल आधीच झालेला असतो. टीबीच्या जंतूचा डीएनए सुमारे 44 लाख अक्षरांचा. त्याची नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. फुप्फुसात पोकळी पडली की तिथे जंतू कोट्यवधींनी असतात. टीबीची दोन मुख्य औषधं म्हणजे आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन. त्यात साधारण दहा लाखांत एक आयसोनायझिडला आणि दहा कोटींत एक रिफाम्पिसिनला न जुमानणारा निघतो, तोही पहिली गोळी पोटात जाण्याआधी. जाळ्याच्या आसातून, म्हणजे भोकातून, निसटलेली मासळी काही जाळं बघून बारीक झालेली नसते, तसंच हे. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्ये एकाच जातीचे जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवून त्यांची जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूशी गाठ घालून दिली. काही नळ्यांत एकही वाचला नाही, काहींत मात्र भरपूर. गाठ पडल्यावर बदल होत असता, तर आकडे सगळीकडे जवळपास सारखे आले असते.

म्हणूनच टीबीला एकावेळी अनेक औषधं देतात. सगळ्यांना पुरून उरणारा जंतू सापडणं जवळजवळ अशक्य. पण हर्णै बंदरावरचा खलाशी खोकला थांबला की बोटीवर चढतो आणि गोळ्या घरीच राहतात. हंगाम बुडाला तर घर चालत नाही, त्यामुळे त्याला बोल लावणं माझ्या जिवावर येतं. मात्र गोळ्या कधी चालू, कधी बंद असं झालं, की त्या मोजक्या जंतूंना वाढायला मोकळं रान मिळतं.

आता चयापचय. आयसोनायझिड मुळात निष्क्रिय असतं. जंतूचंच कॅटजी नावाचं एन्झाइम त्याला जागं करतं, आणि मग जंतूचं मेणचट आवरण बनणं थांबतं. हे एन्झाइम बनवणारं जनुकच गेलं तर औषध वाया जातं खरं, पण आपल्या पांढऱ्या पेशी जे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, ते मोडायचं कामही याच एन्झाइमचं. म्हणजे औषधापासून वाचला तरी जंतू उघडा पडतो. रुग्णांत म्हणून बहुतेक वेळा वेगळाच बदल दिसतो: या एन्झाइमच्या साखळीत 315 व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल. एवढ्याने औषध जागं होणं जवळपास थांबतं, पेरॉक्साइड मोडणं मात्र बऱ्यापैकी चालू राहतं. मला सगळ्यात धास्ती या बदलाची वाटते, कारण त्याची जंतूला फारशी किंमत मोजावी लागत नाही आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज पसरतो.

रिफाम्पिसिनचं तसं नाही. तिथे आरपीओबी हे जनुक बदलतं, म्हणजे आरएनए बनवणारं यंत्रच. त्यामुळे बऱ्याचदा जंतूची वाढ मंदावते. पण पुढे आरपीओसी या शेजारच्या जनुकात दुसरा बदल झाला, की गेलेला वेग परत येऊ शकतो. औषध थांबवल्यावर असे जंतू आपोआप मागे पडतील, या भरवशावर राहू नका.

भावाच्या अहवालात ‘रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह’ आलंय, म्हणजे ते औषध जंतूवर चालतं, ही चांगली गोष्ट. पण थुंकीतल्या जंतूची जनुकं तपासणारी नेहमीची सीबीनॅट चाचणी आरपीओबीच बघते, कॅटजी नाही. आयसोनायझिडसाठी एलपीए ही चाचणी वेगळी होते. तिचा नमुना पाठवलाय का, ते डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.