पिस्तूल कमरेला आहे, हे कुणाकुणाला सांगायचं?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी दोघांनाही नागरिकत्व मिळालं. आमच्या भागात सोन्यासाठी भारतीयांची दोन घरं फुटली आणि तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात हे बसलं. त्याने रीतसर क्लास केला, लायसन्स काढलं. आता घराबाहेर पडताना पाकीट, किल्ल्या आणि शर्टाच्या आत पिस्तूल. माझं त्याला हो नाही आणि ना पण नाही. परवा मित्राकडे बारशाला गेलो होतो. मित्राने कडकडून मिठी मारली आणि त्याच्या हाताला ते लागलं. तो काही बोलला नाही, पण रात्री त्याच्या बायकोचा मेसेज आला, "घरात एवढी लहान मुलं होती, आधी सांगायचं तरी." नवरा म्हणतो, लपवून बाळगायचं म्हणजे लपवूनच, सगळ्यांना सांगायचं तर मग क्लास कशाला केला? आता माझे आईबाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांना सांगायचं का? आणि मंडळात, ऑफिसात? (नाव छापू नये.)

उत्तर: तुमच्या नवऱ्याला क्लासमध्ये शिकवलं ते बरोबरच आहे. परवाना घेऊन पिस्तूल बाळगणाऱ्याने त्याची वाच्यता करू नये, असंच सगळे प्रशिक्षक सांगतात. चारचौघांत कळलं की चोराला कळायला वेळ लागत नाही. पिस्तूल ही सोन्यासारखीच सहज खपणारी वस्तू आहे. दुसरा त्रास असा की मित्रमंडळी तुम्हाला फुकटचा सिक्युरिटी गार्ड समजायला लागतात. पार्किंगमध्ये कुणाशी वाजलं की सगळे वळून तुमच्याकडे बघणार.

फक्त हा नियम वॉलमार्टमधल्या अनोळखी माणसांपुरता आहे. ज्याच्या घरात आपण चपला काढून जातो, त्याला तो लावता येत नाही. माझ्या मते, आपल्या पिस्तुलामुळे दुसऱ्याच्या जिवाला किंवा त्याच्या कायदेशीर स्थितीला धोका पोचू शकत असेल तर त्या माणसाला सांगायचं, बाकीच्यांना अजिबात नाही.

बारशाचंच घ्या. टेक्ससच्या कायद्याने यजमानाला आधी सांगायची सक्ती नाही. यजमानाने नुसतं तोंडी "आमच्या घरात नको" म्हटलं तर मात्र ते कायद्याला पुरेसं होतं, आणि तरीही आत थांबणं हा गुन्हा ठरतो. पण तुम्ही मला कायद्याचं विचारत नाही आहात. आपल्याकडचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. सतरंजीवर मांडी घालून बसायचं, उठून थोरामोठ्यांना वाकून नमस्कार करायचा. तेवढ्यात कुणीतरी बाळ हातात देतं, आणि चार वर्षांचं दुसरं एखादं पोर मागून गळ्यात पडतं. पँटच्या आत खोचलेलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, बांधून हे सगळं करायचं म्हणजे शर्ट तरी वर सरकणार, नाहीतर हात तरी सारखा कमरेकडे जाणार. जेवण होईपर्यंत निम्म्या लोकांच्या लक्षात आलेलं असतं. मग ते लपवलं असं म्हणण्यात काय अर्थ?

म्हणून जाण्याच्या आधी, फोनवर, फक्त यजमानाला सांगायचं: "मी बाळगतो. तुम्हाला चालणार नसेल तर घरी ठेवून येतो." त्यांनी किंचित आढेवेढे घेतले तरी ते नाहीच समजायचं, कारण आपली माणसं पाहुण्याला तोंडावर नको म्हणत नाहीत. आणि हा फोन करायला जीभ रेटत नसेल, तर त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवायचं. गाडीत ठेवणं हा पर्याय त्यातल्या त्यात आहे, पण ग्लव्ह बॉक्समध्ये मुळीच नाही. सीटच्या लोखंडी पट्टीला केबलने जखडलेली पेटी हवी, आणि पेटीत ठेवण्याचं काम घरच्या गॅरेजमध्येच उरकायचं. मित्राच्या दारात गाडीत वाकून काहीतरी ठेवणारा माणूस समोरच्या खिडकीतून सगळ्यांना दिसतो.

मित्राच्या बायकोला नवऱ्याने स्वतः फोन करावा. तुमच्यामार्फत नको.

आता आईबाबा. त्यांना सांगायलाच हवं, आणि त्याचं कारण तुमच्या मनात आहे त्याहून वेगळं आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला 1998 पासून बंदी आहे. आईबाबांचा व्हिजिटर व्हिसा त्यात येतो, तसेच नोकरीचा एच-1बी, त्यांच्या कुटुंबीयांचा एच-4, कंपनीतल्या बदलीचा एल-1 आणि विद्यार्थ्यांचा एफ-1ही. ग्रीन कार्डवाले त्यात येत नाहीत. वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते इमिग्रेशन वकिलाला विचारूनच वापरावेत. "अहो, काय होतंय, शूटिंग रेंजवर तर सगळेच जातात," असं सांगणाऱ्याचं ऐकू नये. शनिवारी रेंजवर भाड्याचं पिस्तूल चालवून फोटो टाकणारी एच-1बीवरची कितीतरी पोरं मला माहीत आहेत. तो फोटो म्हणजे आपल्याच हाताने तयार केलेला पुरावा आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

आणि हातात धरलं तरच ताबा, असंही नाही. तिजोरीचा आकडा माहीत आहे, हवं तेव्हा उघडून काढता येतं, यालाही कोर्ट ताबा म्हणू शकतं. तेव्हा बाबांना आकडा द्यायचा नाही. "बाबा, बघा तरी किती जड आहे" म्हणून हातात द्यायचं नाही. देणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. बाबा पूर्वी पोलिसात किंवा सैन्यात होते, त्यांना सगळं कळतं, हा युक्तिवाद इथे चालत नाही.

त्यांना सांगायचं ते एवढंच: वरच्या खोलीतल्या कपाटात एक कुलूपबंद पेटी आहे, तिला हात लावायचा नाही, आणि हा विषय फोनवर काढायचा नाही. हे दुसरं निक्षून सांगा. आईंना दुपारी कळलं की संध्याकाळपर्यंत नाशिकच्या कॉलेज रोडला कळतं, आणि रात्री तिकडून तुमच्या फ्रिस्कोच्या चुलत नणंदेला.

घरी खेळायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत 2020 पासून मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स पालकांना सांगत आली आहे की मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी तिथे कुलपाबाहेर बंदूक आहे का, हे विचारा. कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पोहण्याचा तलाव आहे का, हे सगळं आपण विचारतो. हे मात्र विचारायला लाजतो. तुम्ही त्यांना विचारायची वेळ आणू नका, आपणहून सांगा: "आमच्याकडे पिस्तूल आहे. गोळ्या काढून कुलपात असतं, गोळ्या वेगळ्या कुलपात असतात." कुणी मूल पाठवणार नाही, तर नाही पाठवणार. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्यातून कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर तो अधिक वरच्या श्रेणीतला ठरतो. तुमचा नवरा दिवसभर भरलेलं पिस्तूल कमरेला लावतो, म्हणजे घरी आल्यावर ते काढून ठेवण्याची एकच जागा ठरलेली हवी. फ्रिजच्या वर, उशाखाली, "दोन मिनिटं" सोफ्यावर, यातलं काहीही नको.

तुमच्या स्वतःच्या मुलांना? सांगा, पण गुपित म्हणून नको. गुपित शाळेत दुसऱ्या दिवशी फुटतं. कुठेही बंदूक दिसली तर हात न लावता तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, एवढं त्यांच्या अंगवळणी पाडा.

पोलीस. इथे प्रत्येक राज्याचं वेगळं आहे आणि आपली मंडळी गाडीने फार फिरतात. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं. पण ज्याने लायसन्स काढलंय आणि जवळ पिस्तूल आहे, त्याने पोलिसाने ओळखपत्र मागितल्यावर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर तेही दाखवायचं असतं. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवल्याबरोबर, न विचारता, स्वतःहून सांगावं लागतं. न सांगितल्यास पहिल्याच वेळी 500 डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित.

सांगायचं कसं, हे सांगण्याइतकंच महत्त्वाचं. 6 जुलै 2016 ला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील या परवानाधारक माणसाने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला शांतपणे सांगितलं होतं की माझ्याजवळ बंदूक आहे. काही क्षणांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलीस 2017 मध्ये निर्दोष सुटला. कॅस्टीलने कायद्याला धरून सगळं सांगितलं होतं, तरी हे झालं. म्हणून घरी दोघांनी बसून तालीम करा, हसू नका. काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पहिलं वाक्य "गन" शब्दाने सुरू करायचं नाही. "ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी, अँड आय ॲम कॅरिंग. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" असं म्हणायचं, आणि पोलीस सांगेपर्यंत पाकिटालाही हात घालायचा नाही. लायसन्स आणि विम्याचा कागद कमरेपासून दूर, हाताशी ठेवायचे. तुम्ही शेजारच्या सीटवर असाल तर तुमचेही हात डॅशबोर्डवर. घाबरून नवऱ्याला मराठीतून काही सांगायला जाऊ नका. बाहेरच्या माणसाला त्यातला फक्त सूर कळतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे जायचं असेल तर पिस्तूल डॅलसलाच राहू दे. न्यू जर्सी टेक्ससचं लायसन्स मानत नाही, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉयही नाहीत. 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला न्यू जर्सीत गाडी चालवताना पोलिसांनी थांबवलं. तिने आपणहून सांगितलं, माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आणि पिस्तूल आहे. तिला वाटलं, खरं बोललं की झालं. तिला अटक झाली आणि साडेतीन वर्षांची किमान सक्तीची कैद समोर उभी राहिली. देशभर बोभाटा झाला म्हणून ती कैद टळली, आणि 2015 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी माफीही दिली. सगळ्यांच्या मागे देशभराचा बोभाटा उभा राहत नाही.

राहता राहिलं मंडळ आणि ऑफिस. मंडळात कुणालाही सांगू नका, आणि तिथे नेऊही नका. आपले गणपती, दिवाळी आणि रविवारची मराठी शाळा बहुतेक ठिकाणी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत होतात. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं टेक्ससमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, लायसन्स असलं तरी. आतमध्ये ढोल-ताशा चाललाय म्हणून ती इमारत शाळा असायची थांबत नाही. देवळांचा कायदा 2019 ला सैल झाला, आता ते देवस्थानाच्या पाटीवर अवलंबून आहे. पिस्तुलाला बंदी असेल तर दाराशी इंग्रजी आणि स्पॅनिशमधली मोठ्या अक्षरांची पाटी असते, तिच्यावर 30.06 किंवा 30.07 हे कायद्याच्या कलमांचे आकडे असतात. चपला काढताना ती वाचत जा.

ऑफिसात तर शब्दही नको. टेक्ससमध्ये 2011 पासून कर्मचाऱ्याला पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवता येते, बहुतेक कंपन्यांना त्याला आडकाठी करता येत नाही. इमारतीच्या आत मात्र कंपनीचे नियम लागू होतात. त्यातून टीममधली निम्मी मुलं एच-1बीवर. लंचला पार्किंगमध्ये "दाखव ना जरा" सुरू झालं की वर सांगितलेला सगळा घोळ दारात आला.

नवरा-बायकोत मात्र काहीही झाकलेलं नको. आज त्याने लावलंय की नाही, हे गाडीत बसण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं. आणि घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल, नोकरी गेलेली असेल, कुणी औदासीन्यात असेल, तर पिस्तूल काही दिवस घराबाहेर, विश्वासातल्या आणि कायद्याने पात्र माणसाकडे हलवा. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोराची भीती सगळे बोलून दाखवतात, याबद्दल कुणी बोलत नाही.

शेवटी सामानाचं. अमेरिकेतल्या विमानतळांवर 2023 मध्ये तपासणीत 6,737 बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. त्यातले बरेच जण "विसरलो" म्हणणारे. भारतात जाताना तर एक सुटं काडतूसही महागात पडतं. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ते जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे कोर्टात पटवेपर्यंत विमान गेलेलं असतं. रेंजवर नेलेली बॅग दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका, आणि आईबाबांच्या परतीच्या वेळी बॅगा कमी पडल्या तर कॉस्टकोतून नवी आणा.