‘युनियनिझम’ची सगळी पुस्तकं एका शीर्षकाखाली विलीन करण्याआधी

तुमचा प्रश्न वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. संस्थेच्या जुन्या ग्रंथसूचीचं संगणकीकरण चाललंय, ‘युनियनिझम’ शोधलं की गोदी कामगारांच्या संपाशेजारी आयर्लंडचं राजकारण येतं, आणि वरिष्ठ म्हणतात की सगळं ‘कामगार संघटना’ या विषयशीर्षकाखाली विलीन करून मोकळे व्हा. करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. निदान मूळ नोंदींची प्रत बाजूला काढल्याशिवाय तरी नकोच. आमच्या संग्रहात नेमकं हेच झालं आणि निस्तरायला मी होते, म्हणून जरा लांबण लावते. मी राज्यशास्त्राची अभ्यासक नाही, सूचीकाम करणारी आहे, तेवढं धरून वाचा.

शीर्षक, उपशीर्षक, ‘हेही पहा’ वगैरे तुम्हाला सांगायला नको. थेट मुद्द्यावर येते. ‘युनियनिझम’ या एका शब्दाचे दोन अर्थ: कामगार संघटनांची चळवळ, आणि प्रदेशांची राजकीय एकी (युनियन) टिकवू पाहणारं राजकारण. पुस्तक हातात आलं की मी समोर कोण उभं आहे ते बघते. समोर मालक, कंपनी किंवा वेतन ठरवणारं सरकार असेल तर ते कामगार चळवळीचं. समोर फुटून निघू पाहणारा प्रदेश असेल, किंवा त्याला फुटू द्यायला तयार असलेला पक्ष असेल, तर ते राजकारणाचं. दहातली नऊ पुस्तकं इथेच सुटतात. मुखपृष्ठ आणि प्रकाशनवर्ष यांच्यावर मात्र अजिबात विसंबू नका. १८८६ हेच वर्ष घ्या. त्या वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या आयरिश होमरूल (आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य) विधेयकावरून ब्रिटनचा लिबरल पक्ष फुटला आणि त्याला विरोध करणारे चेंबरलेन, हार्टिंग्टन प्रभृती नेते ‘लिबरल युनियनिस्ट’ झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत सॅम्युअल गॉम्पर्सच्या नेतृत्वाखाली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर ही कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना उभी राहिली. पुढे तीनच वर्षांत, १८८९ मध्ये, लंडनच्या गोदीतला मोठा संप झाला आणि अकुशल मजुरांच्या संघटनांची जी लाट आली तिला नाव पडलं ‘न्यू युनियनिझम’. एकच दशक, पुस्तकाच्या नावात तोच शब्द, आणि माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नसतील. आमच्याकडे ‘न्यू युनियनिझम’ हा युनियनिस्ट पक्षाचा नवा कार्यक्रम समजून कुणीतरी राजकारणात टाकलेला सापडला होता. गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो.

आता आमच्या सूचीचा हा घोळ ज्या कार्यालयाने केला, त्याबद्दल. नाव घेत नाही. आमच्यासारख्या छोट्या संग्रहांना एका सामायिक सूचीत आणायचं काम त्यांच्याकडे होतं. शीर्षकांची अधिकृत यादी ते पाठवणार आणि आम्ही ती पाळणार. यादीत ‘युनियनिझम’पुढे एवढंच होतं: ‘पहा, कामगार संघटना’. मी नमुन्याच्या नोंदी जोडून सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की एका संज्ञेला एकच शीर्षक, अपवाद केले तर यादीला शिस्त राहणार नाही. परत लिहिलं, तर दुसऱ्या टेबलावरून कळवलं की आपली हरकत नोंदवून घेतली आहे. कुठल्या वहीत घेतली, देव जाणे. मग त्यांच्या बाजूने सगळ्या नोंदींवर एकदम बदल चालवला गेला, आणि जुनं शीर्षक कुठल्याही रकान्यात जपून ठेवलेलं नव्हतं.

नुकसान कसं झालं ते नीट पहा, कारण तुमच्याकडेही तसंच होईल. आमच्या जुन्या नोंदी ‘युनियनिझम – आयर्लंड’, ‘युनियनिझम – अमेरिका’ अशा होत्या. पहिला शब्द बदलला आणि उपशीर्षक तसंच राहिलं. म्हणजे तयार झालं ‘कामगार संघटना – आयर्लंड’. हे शीर्षक तर खरोखरच आधीपासून होतं! कामगार नेता जेम्स लार्किन, १९०९ साली त्याने काढलेली वाहतूक कामगारांची संघटना, १९१३ ची डब्लिनची टाळेबंदी, सगळं तिथे. त्याच रांगेत आता होमरूलविरोधी युनियनिस्टांचा नेता एडवर्ड कार्सन आणि १९१२ चा अल्स्टर करार (आयर्लंडच्या उत्तरेतल्या लोकांनी होमरूलविरुद्ध सह्या केलेलं प्रतिज्ञापत्र) येऊन बसला. अमेरिकेच्या खाली यादवी युद्धात दक्षिणेत राहून संघराज्याशी निष्ठा राखणारे लोक खाणकामगारांच्या शेजारी. यादीकडे पाहून चूक दिसत नाही, कारण प्रत्येक शीर्षक शुद्ध आणि मान्य. उत्तर आयर्लंडवर काम करणारा एक वाचक ‘तुमच्याकडे काहीच नाही’ म्हणून निघून गेला. पुस्तकं कपाटात होती.

आम्हाला तारलं वर्गांकांनी, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या आकड्यांनी. विषयशीर्षकं उडाली तरी ड्युई वर्गीकरणाचा अंक कुणी हलवला नव्हता. ३३१.८८ म्हणजे कामगार संघटना, ९४१.६ म्हणजे उत्तर आयर्लंड, ९७३.७ म्हणजे अमेरिकेचं यादवी युद्ध. ‘कामगार संघटना’ हे शीर्षक असलेल्या पण ३३१ मध्ये नसलेल्या सगळ्या नोंदी गाळून काढल्या आणि एकेक तपासली. ज्यांना अंकच नव्हता त्यांच्यासाठी कपाटाशी उभं राहावं लागलं. तेव्हा तुमच्याकडे वर्गांकाचा रकाना भरलेला आहे का, हे आधी बघा. रिकामा असेल तर विलीनीकरणाचा विषयच काढू नका.

उरलेलं दहावं पुस्तक, तेच खरं डोकं खातं. मे १९७४ मध्ये उत्तर आयर्लंडात अल्स्टर वर्कर्स कौन्सिल या युनियनिस्ट कामगारांच्या गटाने पुकारलेला संप घ्या. वीज केंद्रांतले कामगार, जहाजबांधणीतले कामगार, बंद पडलेले उद्योग: वरवर पाहिलं तर अस्सल कामगार लढा. पण मागणी वेतनाची नव्हती. सनिंगडेल कराराने आलेलं, युनियनिस्ट आणि आयरिश राष्ट्रवादी यांचं वाटेकरी सरकार आणि आयर्लंडशी जोडणारी परिषद त्यांना नको होती. पंधरवड्यात ते सरकार पडलं, आणि त्याचा प्रमुख ब्रायन फॉकनर स्वतः युनियनिस्टच होता. ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघाचा सरचिटणीस लेन मरे बेलफास्टला जाऊन ‘कामावर चला’ म्हणून मोर्चा काढतो आणि त्याच्यामागे जेमतेम दोनेकशे माणसं. म्हणजे युनियनवाले युनियनिस्टांचा संप मोडायला निघालेले. याला एकच शीर्षक कसं देणार? दोन द्या, बिनधास्त द्या. १९१८ ची अल्स्टर युनियनिस्ट लेबर असोसिएशनही तशीच: कार्सनच्या छत्राखाली उभी राहिलेली, आणि सभासद कामगार. तिलाही दोन. आमच्या त्या कार्यालयाचं यावर म्हणणं होतं की दोन शीर्षकांनी आकडेवारीत पुस्तक दोनदा मोजलं जातं. अहो, मग मोजणी दाखल क्रमांकावर (प्रत्येक प्रतीचा तो एकच असतो) करा ना! वाचकाने पुस्तक शोधावं म्हणून सूची असते की तुमचा वार्षिक तक्ता जुळावा म्हणून? असो.

माझं मत विचाराल तर राजकीय बाजूला एकच ढीग करणंही चुकीचं, पण इथे मतभेद होऊ शकतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत आयर्लंडच्या युनियनिझमला कंसात ‘आयरिश राजकारण’ असं जोडून वेगळं ठेवलंय, मी तोच कित्ता गिरवते. स्कॉटलंडबाबत जपून. १९१२ ते १९६५ तिथे जो युनियनिस्ट पक्ष होता त्याच्या नावातली युनियन मुळात आयर्लंडशी झालेली, १८०० च्या कायद्याची. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतातले स्कॉटिश युनियनिस्ट म्हणजे १७०७ ची इंग्लंड-स्कॉटलंड एकी टिकवू पाहणारे. मोल्दोवात पुन्हा उलटं: तिथले युनियनिस्ट आहे ते राज्य टिकवायला बसलेले नाहीत, त्यांना रुमानियात सामील व्हायचंय. माझी ‘समोर कोण’ची कसोटी तिथे लंगडी पडते, हे कबूल.

कामगार बाजूला मी फार चिरफाड करत नाही. व्यवसायनिहाय, उद्योगनिहाय, पक्षाशी बांधलेली, फक्त पगारापुरतं पाहणारी, हे भेद अभ्यासकांसाठी महत्त्वाचे. छोट्या संग्रहात टिपेत लिहिले तरी चालतात. तुमच्याकडे हजारो पुस्तकं असतील तर गोष्ट वेगळी.

एक हमखास फसवणारं पुस्तक आत्ताच शोधून ठेवा: पंजाबचा युनियनिस्ट पक्ष. १९२३ चा, फझल-ए-हुसेन आणि छोटूराम यांचा. जमीनदार-शेतकऱ्यांचा पक्ष, त्यात मुसलमान, हिंदू, शीख सगळे. १९३७ ला सिकंदर हयात खान यांचं सरकार आलं आणि मार्च १९४७ मध्ये खिज्र हयात यांनी राजीनामा दिला. कामगार संघटनेशी याचा काडीचा संबंध नाही आणि आयर्लंडशी तर नाहीच. हे तुमच्याकडे ‘कामगार संघटना – भारत’खाली गिरणी कामगारांच्या संपाशेजारी सापडलं, तर विलीनीकरण आधीच कुणीतरी सुरू केलंय असं समजा. तसं असेल तर वरिष्ठांना नंतर समजवा, आधी बदलांची नोंदवही आणि शेवटची बॅकअप प्रत कुणाकडे आहे ते विचारा, आणि वर्गांकाच्या रकान्याचं काय दिसतं ते इथे लिहा.