लावणी संपली, चिखल्या का जात नाहीत?

प्रश्न : आमची लांजा तालुक्यात भातशेती आहे. यजमानांना दर पावसाळ्यात चिखल्या होतात. यंदा लावणी आटोपून महिना झाला तरी करंगळीच्या बेचक्यातली खाज जात नाही. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की दोन दिवसांत आराम पडतो, थांबवलं की पुन्हा सुरू. आता आठवीतल्या मुलालाही तसंच झालंय, आणि सासूबाईंच्या बोटांमध्ये चीर पडली आहे. त्यांना शुगर आहे. मी मेंदी लावून पाहिली. घरात ताटं-वाट्या वेगळ्या कराव्यात का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचे पाय, बाकीचं नंतर. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे चीर किती खोल गेली आहे हे त्यांना स्वतःला कळणारही नाही. त्या चिरेतून जंतू आत शिरले की पाय सुजतो, लाल आणि गरम होतो, ताप येतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. काही दिसत नसलं तरी या आठवड्यात एकदा दाखवून आणाच. त्यांच्या बाबतीत घरी मलम लावून वाट बघत बसू नका.

आता चिखल्या. बोटांच्या बेचक्यात काहीही झालं तरी आपण चिखल्याच म्हणतो, पण त्यात दोन प्रकार आहेत. मी भातशेतीच्या घरातलीच. आई लावणीहून आली की पडवीत बसून कोमट पाण्याने पाय धुवायची, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने एकेक बोट बाजूला करून टिपायची आणि मेंदी लावायची. चार-आठ दिवस चिखलात पाय गेला नाही की तिचे पाय बरे व्हायचे. ते पाण्याने कुजलेलं कातडं होतं. यजमान शेतातून बाहेर येऊन महिना झाला आणि घरातल्या आणखी दोघांना तेच सुरू झालं, म्हणजे ही बहुतेक बुरशी आहे. गजकर्ण करणाऱ्या बुरशीच्याच कुळातली. डॉक्टरी भाषेत टिनिया पेडिस किंवा ॲथलीट्स फूट. मेंदीने कातडं आवळतं, बरं वाटतं, पण ही बुरशी जात नाही, आणि मेंदीच्या रंगाखाली लाली किती आहे हे आम्हा डॉक्टरांनाही दिसत नाही. शंका असेल तर बेचक्यातला कोंडा खरवडून, त्यावर रसायनाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे तंतू फांद्यांसारखे दिसतात. साधी तपासणी आहे, दुखत नाही.

माझी खरी काळजी त्या मलमाची आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत आराम. बुरशी मात्र तिथेच राहते, आतल्या आत पसरते, आणि कातडं पातळ होत जातं. अशी बरीच मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती सर्रास मिळतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण दोन आठवड्यांत बरा झाला असता असा माणूस दोन वर्षं खाजवत येतो. ते मलम थांबवा. थांबवल्यावर काही दिवस खाज वाढेल. तेव्हा पुन्हा त्याच ट्यूबकडे वळायचं नाही.

त्याऐवजी नुसतं बुरशीवरचं मलम हवं. बेचक्यातल्या साध्या बुरशीला १ टक्का टर्बिनाफाइन साधारण १ ते २ आठवडे, किंवा १ टक्का क्लोट्रिमॅझोल दिवसातून २ वेळा असं ४ आठवडे. पाय पूर्ण कोरडे झाल्यावर पातळ थर, खाज आहे त्याच्या दोन बोटं बाहेरपर्यंत. खाज थांबली म्हणून अर्ध्यावर सोडू नका. पुन्हापुन्हा उलटण्याचं ते दुसरं मोठं कारण. बाप-लेकाचे उपचार एकाच दिवशी सुरू करा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला चालूच राहील.

ताटं-वाट्या एकत्रच राहू द्या, ही बुरशी जेवणातून जात नाही. वेगळं करायचं ते न्हाणीघराच्या दारातलं पायपुसणं. पावसात ते दिवसभर ओलं असतं आणि अंघोळ केलेला प्रत्येक जण त्यावर उभा राहतो. पायाच्या कातड्याचे झडलेले कण त्यात राहतात, त्या कणांत बुरशी. मलम चालू आहे तोवर ते उचलूनच टाका. पाय पुसायला प्रत्येकाला आपापलं फडकं द्या, रोज धुवा. उन्हाचा पत्ता नसतो, तेव्हा इस्त्री फिरवून वाळवा. अंगाच्या पंच्याने पाय पुसू नयेत. मोरीत जाताना आपापली रबरी चप्पल. गमबूट रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, जमलं तर दोन जोड आलटूनपालटून वापरा. मुलाने शाळेत जायला हरकत नाही, मोजे मात्र रोज धुतलेले आणि स्वतःचेच.

एक गोष्ट पुरुष आपणहून सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच यजमानांना विचारा : जांघेत खाज आहे का? पायावरची बुरशी चड्डी चढवताना वर जाते. म्हणून कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. आणि अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालं असेल तर मलम पुरत नाही, गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

मलम सांगितलं तसं पूर्ण लावूनही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्याकडे अलीकडे टर्बिनाफाइनला दाद न देणारी बुरशीही सापडते, तेव्हा औषध बदलावं लागतं. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्या, रिकाम्या असल्या तरी.