रोजची चार मिनिटं जातात कुठे?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात लिहिलंय, पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. मी मात्र २३ तास ५६ मिनिटं असं वाचलं होतं. खरं काय? मुलगी विचारते, रोज चार मिनिटांचा फरक पडत असेल तर काही महिन्यांनी भर दुपारी बाराला अंधार कसा नाही पडत?
– एक वाचक

उत्तर : मुलीचा हिशेब चोख आहे, हे आधी तिला सांगा. रोज चार मिनिटं म्हणजे सहा महिन्यांत बारा तास होतात. तरी दुपारी अंधार पडत नाही, कारण घड्याळ आपण सूर्याशी जुळवलंय आणि तुमची २३ तास ५६ मिनिटं (नेमकं सांगायचं तर आणखी ४ सेकंद) ताऱ्यांकडे बघून मोजलेली आहेत. पृथ्वीची खरी गिरकी तेवढ्याच वेळाची. त्याला नाक्षत्र दिवस म्हणतात. २४ तासांचा तो सौर दिवस, म्हणजे सूर्य माथ्यावरून पुन्हा माथ्यावर येईपर्यंतचा, तोही सरासरीनं. पुस्तकं दोन्हींची सरमिसळ करतात, याचा मला जुना राग आहे.

गिरकी घेता घेता पृथ्वी सूर्याभोवती पुढेही सरकते, दिवसाला साधारण एक अंश. त्यामुळे गिरकी पुरी झाली तरी सूर्य कालच्या जागी आलेला नसतो. त्याला गाठायला तिला आणखी एक अंश वळावं लागतं. एका अंशाला चार मिनिटं. झाला हिशेब.

पटत नसेल तर खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवा आणि तिच्याकडेच तोंड ठेवून तिच्याभोवती एक चक्कर मारा. खुर्चीला विचाराल तर तुम्ही वळलाच नाहीत. पण तुमचं नाक एकामागून एक चारही भिंतींकडे वळून आलं, म्हणजे भिंतींच्या हिशेबी एक गिरकी झाली. खुर्ची सूर्य, भिंती तारे. म्हणून वर्षात दिवस ३६५, पण गिरक्या ३६६.

मी हे नुसतं वाचून मानलं नव्हतं. समोरच्या गच्चीवरच्या टाकीच्या कडेआड चित्रा तारा कधी जातो, ते टिपायला बसलो. पहिल्या दोन रात्रींत सात मिनिटांचा फरक आला आणि मी पुस्तकांना नावं ठेवली! चूक माझीच होती, डोळा जागचा हलला होता. मग खिडकीच्या ठरावीक गजाला कपाळ टेकवून पुन्हा सुरुवात केली. ९ वाजून ४२ मिनिटं. दुसऱ्या रात्री ९:३८. मधे ढगांनी खाडा केला. आठव्या रात्री ९:१४. दुर्बीण लागली नाही, फक्त मनगटावरचं घड्याळ.

दोन दिवसांतला हा फरक शुक्रावर चार मिनिटांवर थांबत नाही. तो पृथ्वीच्या उलट दिशेनं फिरतो. त्याची गिरकी २४३ दिवसांची, सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांची. उलट फिरण्यामुळे सूर्य मात्र तिथे साधारण ११७ दिवसांनीच पुन्हा माथ्यावर येतो.

बुधानं तर भल्याभल्यांना चकवलं. १८८९ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापरेल्ली यांनी सांगितलं की तो सूर्याकडे कायम एकच बाजू ठेवतो, आणि लोकांनी ते पाऊणशे वर्षं मानलं. १९६५ मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून सोडलेल्या रडार लहरींनी त्याची गिरकी ५९ दिवसांची असल्याचं दाखवलं. वर्ष ८८ दिवसांचं. म्हणजे दोन फेऱ्यांत तीन गिरक्या.

हेही खुर्चीभोवती करून बघता येतं. खुर्चीकडे तोंड करून उभं राहायचं आणि एका चकरेत दीड गिरकी घ्यायची, चालण्याच्याच दिशेनं. चक्कर संपेल तेव्हा खुर्चीकडे पाठ असेल, म्हणजे बुधावर मध्यरात्र. आणखी तशीच एक चक्कर मारली की तोंड पुन्हा खुर्चीकडे. दुपार ते दुपार दोन वर्षं! गरगरतं फार, तेव्हा चालायचं काम मुलीला द्या आणि तुम्ही मोजा.