मळ्यातली माती कुंडीत का रुसते?

प्रश्न : ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. भावाचा दिंडोरीजवळ द्राक्षाचा मळा आहे. तिथली काळीभोर माती गोणीभर आणून १२ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत मोगरा लावला. पाणी तुंबू नये म्हणून तळाला दोन बोटं खडी घातली. तरी पानं पिवळी पडून गळतायत. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज घालते. वरची माती दगडासारखी झालीय आणि खालून कुजका वास येतो. खत कोणतं देऊ?

उत्तर : कोणतंच नको. वासाचं लिहिलंत ते बरं केलंत, अर्धं निदान तिथेच झालं. तुमचा मोगरा उपाशी नाही, गुदमरलाय.

मुळांनाही प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पाण्याने भरल्या की संपलं, कारण पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा जवळपास १०,००० पट हळू सरकतो. मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, झाड तहानल्यासारखं मलूल दिसतं आणि आपण पुन्हा तांब्या घेऊन हजर! मीही निफाडच्या मामांकडच्या मातीत कढीपत्ता असाच घालवलाय. उपटला तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं तर साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला.

मातीत खोट नाही. मळ्यात तिला खाली खोली असते, गांडुळं असतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. कुंडीला मात्र तळ असतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. म्हणजे आडव्या स्पंजात ते अडकून होतं. कुंडीच्या तळाशीही असाच एक चिंब थर राहतो, आणि माती जितकी बारीक तितका तो जाड. खडीने तो जात नाही. बारीक मातीतलं पाणी वरचा थर पुरता भिजल्याशिवाय खडीत उतरतच नाही, त्यामुळे चिखल दोन बोटं वर सरकतो, एवढंच. ही खडीची रीत घरोघरी आहे, माझ्या आईचीही होती. पण काढून टाका.

आता मोगरा बाहेर काढा. कुजलेली मुळं कात्रीने छाटा, पांढरी, टणक ठेवा, फांद्याही तिसरा हिस्सा कमी करा. नवं मिश्रण करताना भावाची माती एकच वाटा घ्या, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन वाटे भरड माल : भाताचं तूस (घोटीच्या भातगिरण्यांकडे मिळतं) आणि हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे. विटा फोडल्यावर चाळून घ्या, भुकटी आत गेली तर पोकळ्या पुन्हा बुजतात. बारीक वाळू तर अजिबात नको, काळ्या मातीत ती मिसळून गोळा घट्ट होतो. तूस वर्ष-दोन वर्षांत कुजतं आणि माती खाली बसते, तेव्हा पुन्हा भरावं लागेल. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) सध्या भलतंच खूळ आहे. तुमच्यासारख्या सढळ हाताला मी ते देणार नाही, फार पाणी धरतं. भावाला मात्र यातलं काही बोलू नका, मातीला नावं ठेवली तर द्राक्षं यायची बंद होतील.

कुंडीच्या बुडाला आणि बुडाजवळ बाजूने तापलेल्या सळईने भोकं पाडा. हे गॅलरीतच करा, प्लॅस्टिकचा धूर वाईट. कुंभाराकडची मातीची कुंडी घेतलीत तर तिच्या अंगातूनही हवा खेळते. कुंडी फरशीवर सपाट ठेवू नका, भोकं बंद होतात. खाली विटेचे तीन तुकडे द्या. बशीत पाणी साचू देऊ नका.

आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या परत ठेवा, त्या दिवशी सुट्टी.