वहाळावरची वीज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाडीच्या वरच्या डोहापासून घरांपर्यंत उतार 30 मीटर भरतो, पाइपाची वाट 120 मीटर. ऑक्टोबरात वहाळाच्या (ओढ्याच्या) पाण्याने 200 लिटरचं पिंप 33 सेकंदांत भरलं. 12 घरांना वीज पुरेल का? 63 मिमीचा पाइप स्वस्त पडतो, तो चालेल? (तालुका संगमेश्वर)

उत्तर : सेकंदाला 6 लिटर पाणी आहे. एवढ्या लहान संचासाठी लिटर गुणिले मीटर गुणिले 5 करा, वॅट मिळतात. पाण्याची उरलेली निम्मी ताकद टर्बाइन (पाण्याने फिरणारं चाक) आणि जनित्र खातं. उंची मात्र घर्षण वजा करून धरायची. 90 मिमीच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात 2 मीटर जातात, म्हणजे 28 मीटरवर 840 वॅट, दिवसाला 20 युनिट. 63 मिमीच्या पाइपात 11 मीटरहून जास्त घर्षणातच जातात आणि तुम्ही साडेपाचशे वॅटवर येता. डोंगराने फुकट दिलेली उंची अशी घालवू नका.

840 वॅट म्हणजे घरटी 70. चार-पाच एलईडी दिवे आणि मोबाइल भागतात. फ्रिज, मिक्सर, इस्त्री विसरा.

पण ऑक्टोबरचं माप फसवं. सह्याद्रीतले वहाळ दिवाळीनंतर झपाट्याने उतरतात, म्हणून फेब्रुवारीत पुन्हा पिंप लावा आणि त्यानंतरच खरेदी करा. समजा 2 लिटर उरले, तर 300 वॅट, घरटी 25. या उंचीला पेल्टन चाक (वाट्यांवर पाण्याचा झोत मारून फिरवायचं टर्बाइन) बरं. पावसाळ्यात 13 मिमीची दोन नोझल (झोत सोडणाऱ्या तोट्या), उन्हाळ्यात एक बंद करून दुसरीच्या जागी 10 मिमीची. उन्हाळ्यात मोठी नोझल ठेवली तर येतं त्याहून जास्त पाणी जातं, पाइप वरून रिकामा होतो आणि दाबच राहत नाही. पंप उलटा फिरवून टर्बाइन करायची युक्ती स्वस्त आहे खरी, पण पाणी कमी-जास्त झालं की तिचं काम बिघडतं. वहाळ शिमग्याच्या आधी आटत असेल तर सोबत सोलर घ्याच. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पाणी भरपूर असतं.

प्रश्न : गेल्या महिन्यापासून दिवे मंद झालेत. पाइपाच्या वरच्या टोकाच्या टाकीत पाणी तर दिसतं.

उत्तर : नोझलच्या व्हॉल्व्हआधी दाबमापक बसवा. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा. झटक्याने केला तर पाण्याच्या धक्क्याने जोड सुटतात. 30 मीटरला काटा 3 किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास हवा. तेवढा आला, पण चालू करताच खूप पडला, तर पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर पालापाचोळा किंवा पाइपात गाळ. चालू असतानाही काटा नेहमीपेक्षा वर, तर नोझलमध्ये खडा. बंद असताना कमी आणि चालू असताना काटा थरथरतो, तर पाइपात हवा शिरलीय. पाइपाचं तोंड पाण्याखाली निदान 30 सेंटीमीटर ठेवा, आणि तोंडापाशी भोवरा दिसला तर आणखी खाली न्या. तोंडाच्या लगेच पुढे हवेची उभी नळी हवी, टाकीतल्या पाण्याहून उंच.

प्रश्न : रात्री सगळे दिवे मालवले की उरलेले बल्ब उडतात.

उत्तर : पाणी तेवढंच येत राहतं, भार मात्र घटतो, चाक वेगात धावतं आणि व्होल्टेज चढतं. इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर बसवा. तो उरलेली वीज पिंपातल्या हीटरकडे वळवतो. हीटर जनित्राच्या क्षमतेहून 20 टक्के मोठा घ्या आणि पिंपात पाणी आहे ना, हे रोज पाहा. कोरडा हीटर जळाला की त्याच रात्री बल्ब पुन्हा उडतात.